उघडी नोंदवही : अमानत की चव्हाटा?

माणसाच्या दोन्ही खांद्यांवर फरिश्ते असतात आणि ते त्याचे प्रत्येक बरेवाईट कर्म लिहून ठेवतात, ही गोष्ट आपल्या घरांत मूल बोलायला लागले की त्याच्या कानावर पडते. किरामन कातिबीन, म्हणजे सन्माननीय लेखनिक, असे त्यांना म्हणतात. त्यांच्या नोंदवहीतून काही सुटत नाही. मात्र तिचे एक वैशिष्ट्य आपण सहसा लक्षात घेत नाही. ती रोज उघडत नाही. तिचा दिवस ठरलेला आहे आणि तोवर शेजाऱ्याला, जमातीला, गावाला ती वाचता येत नाही. मधल्या काळात तौबेचा दरवाजा खुला असतो.

संगणकाच्या जगात माणसाने अशीच एक नोंदवही स्वतः तयार केली आहे. तीही बारीकसारीक लिहून ठेवते. फरक एवढाच की ती क्षणोक्षणी उघडते आणि कोणीही ती वाचू शकतो. माणसाने आपल्या कामात केलेला प्रत्येक बदल, त्यातल्या चुकांसह, आपोआप जगापुढे जावा काय? हे प्रामाणिकपणाचे लक्षण की पडदा फाडणे? हा प्रश्न प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांपुढे रोज असतो. आम्हांला तो केवळ त्यांचा वाटत नाही, म्हणून येथे मांडत आहोत.

आधी ही व्यवस्था काय आहे ते पाहू. संगणकाचा प्रोग्रॅम म्हणजे शेवटी लिहिलेला मजकूरच. मोठा प्रोग्रॅम हजारो, कधी लाखो ओळींचा असतो आणि तो अनेक माणसे मिळून लिहितात. कोणी कोणती ओळ कधी व का बदलली, याची नोंद ठेवली नाही तर गोंधळ माजतो. ही नोंद ठेवणाऱ्या साधनाला व्हर्जन कंट्रोल म्हणतात. लिनक्स या मुक्त संगणक प्रणालीचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये गिट नावाचे असे साधन तयार केले आणि आज जगभर तेच सर्वाधिक वापरात आहे. त्यातल्या एका नोंदीला कमिट म्हणतात. बदल करणाऱ्याचे नाव, ईमेल, तारीख, वेळ, बदलाचे कारण सांगणारी एखादी ओळ आणि त्या टप्प्यावरचा मजकूर एवढे कमिटमध्ये असते. आधीच्या नोंदीशी ताडून पाहिले की नेमके काय बदलले ते दिसते.

आपल्याकडे ज्याने जमिनीचा सातबारा पाहिला आहे त्याला हे समजायला अवघड जाऊ नये. सातबाऱ्यावर आज काय आहे ते दिसते, पण ते तसे का झाले हे पाहायचे तर गाव नमुना ६, म्हणजे फेरफाराची नोंदवही उघडावी लागते. कमिट हा प्रोग्रॅमचा फेरफार. फेरफाराची नोटीस चावडीवर लावण्याची पद्धत आहे, म्हणजे ज्याची हरकत असेल त्याने ती मांडावी. प्रोग्रॅमच्या जगात चावडीचे काम फीड करते. फीड म्हणजे ठरावीक साच्यातली सूचनांची यादी. वाचणाऱ्याचा संगणक ती थोड्या थोड्या वेळाने तपासतो आणि नवे काही आले की समोर ठेवतो. आरएसएस नावाचा असा साचा नेटस्केप कंपनीने मार्च १९९९ मध्ये आणला. ॲटम नावाचा दुसरा साचा डिसेंबर २००५ मध्ये प्रमाणित झाला. गिटमध्ये हुक म्हणून एक सोय आहे. कमिट दाखल होताच एखादे छोटे काम आपोआप करायला तिच्यामार्फत सांगता येते. त्या कामात फीड लिहिणे आले की नोंद आपोआप चावडीवर जाते. गिटहबसारख्या सेवेवर तर उघड प्रकल्पाच्या नोंदींचे फीड आयतेच मिळते. लिहिणाऱ्याला वेगळे काही करावे लागत नाही. ‘हे सांगू, ते नको’ असे निवडण्याची संधीही त्याला राहत नाही. आमच्या प्रश्नाचे मूळ या ‘आपोआप’ शब्दात आहे.

या उघडेपणाची गरज काय, याचे उत्तर २००३ सालच्या एका घटनेत मिळते. तेव्हा लिनक्सच्या नोंदी बिटकीपर नावाच्या साधनात ठेवल्या जात आणि ज्यांना ते साधन नको असे त्यांच्यासाठी सीव्हीएस या दुसऱ्या साधनात एक प्रत राखली जाई. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात कोणीतरी प्रत असलेल्या संगणकात शिरकाव करून प्रोग्रॅममध्ये दोन ओळी घातल्या. वरवर पाहता ती एक साधी तपासणी होती. पण जेथे तुलनेची दोन बरोबर-चिन्हे हवीत तेथे एकच चिन्ह होते. त्यामुळे ‘हा वापरकर्ता सर्वाधिकारी आहे काय’ असे विचारण्याऐवजी ती ओळ त्याला सर्वाधिकारीच करून टाकत होती. ही खोडी पकडली गेली, कारण मूळ नोंदवही आणि प्रत ताडून पाहताना या बदलामागे मूळ नोंदवहीतली कोणतीच नोंद सापडेना. ओळी होत्या, पण त्या कोणाकडून आल्या याचा धागा तुटलेला होता.

हदीसशास्त्राची तोंडओळख असलेल्या वाचकाला येथे इस्नाद आठवल्याशिवाय राहणार नाही. हदीसचा मजकूर कितीही सुंदर असो, तो कोणी कोणाकडून ऐकला याची साखळी सलग नसेल तर मुहद्दिस तो तसाच स्वीकारत नाहीत. साखळीत दुवा गळाला तर त्या हदीसला मुन्कता म्हणतात. गिटची रचनाही साखळीचीच आहे. प्रत्येक कमिटला तिच्या मजकुरावरून गणिताने काढलेली, साधारणपणे चाळीस अक्षर-अंकांची एक खूण मिळते आणि त्या कमिटमध्ये आधीच्या कमिटची खूणही लिहिलेली असते. मागचा एक शब्द कोणी गुपचूप बदलला तर त्याची खूण बदलते आणि मग पुढच्या सर्व खुणा बदलतात. ज्यांच्याकडे आधीची प्रत आहे त्यांना फरक तत्काळ कळतो. म्हणूनच नोंद घडताच अनेकांच्या हाती पोचणे महत्त्वाचे ठरते. ज्याची दुसरी प्रत कोणाकडेच नाही अशी साखळी तिचा मालक केव्हाही नव्याने घडवू शकतो.

सूरह बकराची २८२ वी आयत ही कुरआनातील सर्वांत मोठी आयत. ती उधारीच्या व्यवहाराबद्दल आहे. व्यवहार लहान असो की मोठा, तो मुदतीसह लिहून ठेवायला कंटाळू नका. लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे. साक्षीदार ठेवावेत, अशी तिची शिकवण आहे. एकमेकांवर विश्वास नाही म्हणून लिहावे असा तिचा सूर नाही. दुसऱ्याचा हक्क ज्यात गुंतला आहे ती गोष्ट केवळ आपल्या आठवणीवर आणि सोयीवर सोडू नये, असा आहे. लाखो लोकांच्या संगणकांवर चालणारा प्रोग्रॅम ही त्या लाखोंची अमानत आहे. त्यातला फेरफार हा लिहिणाऱ्याचा खासगी मामला उरत नाही.

येथवर कोणाचे फारसे दुमत होणार नाही. खरी अडचण पुढे आहे.

जो धर्म व्यवहार लिहून ठेवायला सांगतो तोच ऐबपोशीही शिकवतो. दुसऱ्याच्या दोषावर जो पडदा टाकील त्याच्या दोषांवर अल्लाह पडदा टाकील, या आशयाची हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. सूरह हुजुरातच्या १२ व्या आयतीत अतिसंशय, दुसऱ्यांच्या खासगी गोष्टींचा शोध आणि गीबत या तिन्ही गोष्टींना एकत्रच मनाई केली आहे. आता कमिटमध्ये काय काय असते ते पुन्हा पाहा. माणसाचे नाव, ईमेल, घड्याळाची वेळ. वर्ष-दोन वर्षांच्या नोंदी एकत्र मांडल्या तर हा माणूस कधी झोपतो, कोणत्या वारी काम करीत नाही, साधारण कोणत्या देशात राहतो, याचा अंदाज बांधता येतो. नवशिक्याने केलेली हास्यास्पद चूक दहा वर्षांनीही कोणी उकरून काढू शकतो. चूक सुधारण्यासाठी गिटमध्ये रिव्हर्ट म्हणून आज्ञा आहे. पण तीही जुनी नोंद पुसत नाही, उलट फेराची एक नवी नोंद घालते. सुधारणेसोबत चूकही वहीत कायम राहते.

आम्ही उर्दू शाळेत शिकवतो. आमच्या विद्यार्थ्यांकडे दोन वह्या असतात, एक कच्ची आणि एक पक्की. कच्च्या वहीत खाडाखोड असते, भागाकार तीनदा चुकून चौथ्यांदा जमलेला असतो, समासात एखादे चित्रही असते. ती वही कोणी रोज भिंतीवर टांगू लागला तर मुले अधिक प्रामाणिक होतील असे आम्हांला वाटत नाही. ती कच्चे काम करणेच सोडतील, किंवा कच्च्याचेही पक्के नाटक करतील. चुकण्यासाठी माणसाला थोडा आडोसा लागतो. या आडोशाला लपवाछपवी म्हणणे शिक्षणाचा अनुभव नसल्याचे लक्षण आहे.

गिटच्या रचनेत हा आडोसा आहे आणि तो कोठे आहे हे पाहण्यासारखे आहे. कमिट प्रथम लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या संगणकावर होते. तेथे ती पुसता येते, चार कमिटची एक करता येते, कारण सांगणारी ओळ नव्याने लिहिता येते. नंतर पुश नावाच्या आज्ञेने ती सामायिक जागी पाठवली जाते. तेथे गेलेल्या आणि इतरांनी घेतलेल्या नोंदींचा इतिहास मागाहून बदलू नये, असा या क्षेत्रातला सर्वमान्य संकेत आहे. सामायिक जागेचे फीड पुशनंतरच बोलते. म्हणजे अमानतीत टाकण्यापूर्वी पडदा आणि टाकल्यानंतर उघडेपणा, अशी ही वाटणी आहे. आम्हांला ती योग्य वाटते. ज्या चुकीचे नुकसान अद्याप कोणाला पोचलेले नाही ती झाकण्याचा माणसाला हक्क आहे. ज्या चुकीवर दुसऱ्याने भरवसा ठेवला ती झाकण्याचा नाही.

दुसऱ्याबद्दल बोलण्यालाही हाच न्याय लागू पडतो. इमाम नववी (मृत्यू १२७७) यांनी ‘रियाजुस्सालिहीन’मध्ये गीबत जायज ठरणारी सहा कारणे सांगितली आहेत. लोकांना नुकसानीपासून सावध करणे हे त्यांतले एक आणि हदीसच्या रावींची चिकित्सा त्यातच मोडते. रावीची स्मरणशक्ती कच्ची होती हे सांगणे आवश्यक होते, कारण हदीस त्याच्यावर टेकलेली होती. त्याच्या घरातल्या भांडणांची चर्चा करणे मात्र त्याच न्यायाने गैर ठरते. फीड वाचणाऱ्यानेही ही रेषा पाळावी. बदलाची चिकित्सा करावी, बदल करणाऱ्याच्या झोपेची करू नये.

आडोशाचा हक्क न वापरता, न पाहता सर्व उघड केले तर काय होते, याचेही उदाहरण आहे. जपानच्या टोयोटा कंपनीने ऑक्टोबर २०२२ मध्ये जाहीर केले की तिच्या एका सेवेच्या प्रोग्रॅमचा काही भाग डिसेंबर २०१७ पासून गिटहबवर उघडा पडून होता. ज्या कंत्राटदाराला काम दिले होते त्याच्याकडून तो चुकून सार्वजनिक झाला होता. त्यात ग्राहकांच्या माहितीच्या संगणकाची किल्ली होती. २,९६,०१९ ग्राहकांचे ईमेल पत्ते जवळजवळ पाच वर्षे धोक्यात राहिले. ग्राहकांची माहिती ही त्यांची अमानत होती आणि ती उघडी पडली. उघडेपणा हा स्वतःहून सद्गुण नसतो. तो कोणाच्या हक्कासाठी आहे हे पाहिल्याशिवाय त्याची किंमत ठरत नाही.

काही पडदे मुदतीचेही असावे लागतात. २०१७ मध्ये संगणकाच्या प्रोसेसरमधले मेल्टडाउन आणि स्पेक्टर हे गंभीर दोष संशोधकांनी शोधले. उपाय तयार होईपर्यंत गप्प राहायचे आणि ९ जानेवारी २०१८ रोजी सर्व जाहीर करायचे असे ठरले होते. पण लिनक्समध्ये त्यावरचे बदल उघडपणे दाखल होऊ लागले होते. एवढा मोठा फेरफार इतक्या घाईने का चालला आहे, असा प्रश्न ते वाचणाऱ्यांना पडला, तर्क सुरू झाले आणि शेवटी ३ जानेवारीलाच घोषणा करावी लागली. उपाय हाती येईपर्यंत रोगाचा गवगवा करू नये, हे समजण्यासारखे आहे. पण अशा पडद्याला तारीख हवी. उधारीच्या व्यवहारालाही मुदत लिहायला सांगितलेली आहे.

आता रियाकारीचा प्रश्न. प्रत्येक नोंद जगाला दिसणार म्हटल्यावर माणूस काम दिसावे म्हणून नोंदी करू लागतो. गिटहबवर प्रत्येकाच्या नावापुढे वर्षभराच्या दिवसांचे चौकोन दिसतात आणि ज्या दिवशी काम केले तो चौकोन हिरवा होतो. सलग किती दिवस काम केले याचा आकडाही पूर्वी तेथे झळके. तो तुटू नये म्हणून लोक सुटीच्या दिवशीही काहीतरी किरकोळ बदल करून ठेवीत. मे २०१६ मध्ये तो आकडा काढून टाकण्यात आला. सही बुखारीची पहिलीच हदीस नियतीविषयी आहे, याची येथे आठवण होते. कृती तीच, पण ती कोणासाठी केली यावर तिचे मोल ठरते.

मग कोणी विचारील, की जेथे सर्व आपोआपच जाहीर होते तेथे नियत कोठे उरली? सत्य सांगण्याचा निर्णय माणसाने घेतलाच नाही, तो हुकने घेतला. त्यात सचोटी कसली? हा आक्षेप वजनदार आहे आणि त्याचे उत्तर आम्हांला वक्फच्या कल्पनेत सापडते. हजरत उमर यांना खैबरची जमीन मिळाली तेव्हा त्यांनी प्रेषितांना (स.) सल्ला विचारला. मूळ जमीन राखून ठेवावी, तिचे उत्पन्न दान करावे, असे उत्तर मिळाले आणि ती जमीन विकता, बक्षीस देता वा वारशाने देता येणार नाही असे ठरले. वक्फ करणारा नियत एकदाच करतो. त्यानंतर दरवर्षीच्या उत्पन्नाबद्दल ‘यंदा देऊ की नको’ असा विचार त्याच्या हाती राहत नाही. तो अधिकार त्याने स्वतःच सोडलेला असतो. त्यामुळे त्याचे दान हलके ठरत नाही. उद्या आपले मन डळमळेल हे ओळखून त्याने आजच स्वतःला बांधून घेतलेले असते.

आपोआप प्रसिद्ध होणारी नोंद ही अशाच वळणाची गोष्ट आहे. चूक झाल्यावर, ती उघड करायची की नाही हे चुकणाऱ्यानेच ठरवायचे असेल, तर तो न्यायाधीश आणि आरोपी दोन्ही असतो. ‘एवढ्याशा गोष्टीचा गाजावाजा कशाला’ हा विचार त्या क्षणी अगदी शहाणपणाचा वाटतो. म्हणून चूक होण्यापूर्वी, मन शांत असताना, हुक लावून ठेवावा. नियत तेथे आहे.

एवढे करूनही काम पुरे होत नाही, हे २०२४ ने दाखवले. एक्सझेड नावाचे, माहिती दाबून लहान करणारे एक साधन असंख्य लिनक्स संगणकांवर आहे. ते सांभाळणारा मुख्यतः एकच स्वयंसेवक होता, तोही थकलेला. अनोळखी नावांनी त्याच्यावर टीकेचा मारा झाला, की काम हळू चालते, दुसऱ्याकडे सोपवा. दोन वर्षांहून अधिक काळ मदतनीस म्हणून वागून विश्वास मिळवलेल्या एका टोपणनावी व्यक्तीच्या हाती काम गेले. तिने चाचणीच्या फायलींत विष दडवले. या फायली नोंदवहीत सर्वांसमोर दाखल झाल्या आणि कोणी हरकत घेतली नाही. ते विष जागे करणारा तुकडा मात्र नोंदवहीत नव्हताच. तो केवळ वाटपासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात होता. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या संगणकात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो असे जाणवले, त्याने पाठपुरावा केला आणि २९ मार्च २०२४ रोजी प्रकार जाहीर केला. विषारी आवृत्ती तोवर सर्वदूर पसरली नव्हती.

या प्रकरणातून आम्ही दोन गोष्टी घेतो. पहिली, नोंदवही उघडी असली तरी लोकांच्या हाती जे पडते ते तिच्याशी ताडून पाहिले नाही तर तिचा उपयोग नाही. दुसरी, उघडी नोंद वाचणाऱ्यावर जबाबदारी टाकते. जनाजाची नमाज फर्जे किफाया आहे. काहींनी अदा केली तर सर्वांच्या शिरावरचा भार उतरतो, कोणीच केली नाही तर सारी वस्ती गुन्हेगार ठरते. चावडीवर लावलेली नोटीस वाचणे हे त्याच जातीचे कर्तव्य आहे. प्रत्येकाने वाचावी असे नाही, पण कोणीतरी वाचलीच पाहिजे. येथे तर लिहिणारा एकटा पडला होता. त्याला तगादा लावणारे होते, हातभार लावणारे जवळजवळ नव्हते. दुसऱ्याकडून पारदर्शकता मागणाऱ्या समाजाने आपल्या वाट्याचे वाचन केले नाही, तर ती मागणी नुसता तगादा ठरते.

हा प्रश्न केवळ प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांचा नाही असे आम्ही सुरुवातीला म्हटले. मशिदीचा चंदा, शाळेचा निधी, ट्रस्टची जमीन या आपल्या रोजच्या अमानती आहेत. त्यांचे वार्षिक हिशेब अनेक ठिकाणी फळ्यावर लागतात आणि ते चांगलेच आहे. पण वर्षअखेरीचा हिशेब हा सातबारा असतो, त्यात फेरफार दिसत नाहीत. कोणता ठराव कधी बदलला, कोणाच्या सहीने, कोणत्या कारणासाठी, ही नोंद बदल होताच आणि कोणाच्या मर्जीवर न सोडता जमातीपुढे गेली, तर बरेच संशय जन्मालाच येणार नाहीत. मदत घेणाऱ्या विधवेचे नाव त्या फळ्यावर नसावे, मदतीची रक्कम असावी. उमेदवाराच्या मुलाखतीतली फजिती नसावी, निवडीचा निकष असावा. आणि जुम्याच्या नमाजनंतर चपला शोधायच्या घाईत असलेल्यांपैकी निदान चौघांनी त्या फळ्यापुढे थांबून तो वाचावा.